अँड्रॉइड की आयफोन? आपल्या कामांवरून तुलना कशी करायची

फोन घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतो, दुसरा रॅमचा आणि तिसरा ऑफरचा. हे प्रश्न विचारावेतच, पण ते यादीत खाली जायला हवेत असं मला मनापासून वाटतं. मराठी टाइप करताना बोटं अडखळतात का, यूपीआय एका झटक्यात सुरू होतं का, गर्दीत फोन गेला तर खात्यातले पैसे वाचतात का, चार वर्षांनी बँकेचं ॲप चालतं का, हे सगळं ठरवते ती फोनच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली. आणि तिची तुलना आपण जवळजवळ करतच नाही.

पर्याय आता दोनच उरलेत: गूगलचं अँड्रॉइड आणि ॲपलचं आयओएस. विंडोजचे फोन संपले, ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाली. दोनच पर्याय असूनही निवड सोपी झालेली नाही, कारण दोघांनीही एकमेकांची बरीच वैशिष्ट्यं उचलली आहेत. वैशिष्ट्यांचे तक्ते वाचत बसलात तर दोन्ही फोन सारखेच वाटतील. म्हणून तुलना उलट्या टोकाने करायची, म्हणजे आपल्या दिवसापासून.

पायरी १ : कामांची यादी करा

एक कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात फोनवर खरोखर काय काय केलंत ते लिहा. 'सोशल मीडिया' असं मोघम नको. 'सोसायटीच्या ग्रुपवर मराठीत निरोप टाकला', 'मेट्रोचं तिकीट काढलं', 'पुण्यातली पीएमपीची बस कुठवर आली ते पाहिलं', 'भाजीवाल्याला यूपीआयने पैसे दिले', 'आईला बीपीच्या गोळीची आठवण लावून दिली', असं लिहा.

कोथरूडमधल्या निवृत्त शिक्षिकेची यादी आणि मार्केट यार्डातल्या गाळेवाल्याची यादी यांत फार कमी कामं सारखी निघतील. शिक्षिकेला अक्षर मोठं हवं, मराठी हवं आणि फसवणुकीपासून संरक्षण हवं. गाळेवाल्याला दोन सिम, कॉल रेकॉर्डिंग आणि दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. दोघांना एकच फोन 'बेस्ट' कसा असेल?

यादीत ज्या ज्या ॲपची नावं आली ती प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर या दोन्हींवर शोधा. मोठ्या बँका, यूपीआय, डिजिलॉकर यांची चिंता नाही. पण एखादी सहकारी बँक, मुलांच्या शाळेचं ॲप, सोसायटीच्या सीसीटीव्हीचं ॲप किंवा दुकानातल्या बिलिंग मशीनचं ॲप एकाच बाजूला असू शकतं. दुसऱ्या बाजूला ते असलं तरी शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. दोन वर्षांपूर्वीचं असेल तर ते नसल्यातच जमा.

पायरी २ : 'अँड्रॉइड' म्हणजे नेमकं कुठलं?

आयफोन एकच कंपनी बनवते, त्यामुळे सगळ्या आयफोनवर मेनू सारखाच असतो. अँड्रॉइडचं तसं नाही. सॅमसंगवर वन यूआय, शाओमीवर हायपरओएस, वनप्लसवर ऑक्सिजनओएस, ओप्पोवर कलरओएस, असा प्रत्येकाचा वेगळा थर असतो. त्यामुळे मित्राच्या फोनवर पाहिलेलं अँड्रॉइड आणि तुम्ही घेणार ते अँड्रॉइड यांत बरंच अंतर असू शकतं.

इथे दोन गोष्टी हमखास तपासा. पहिली म्हणजे जाहिराती. काही स्वस्त मॉडेलमध्ये नोटिफिकेशनमध्ये, फाइल उघडताना, अगदी लॉक स्क्रीनवरही जाहिराती येतात. काही ठिकाणी त्या सेटिंग्जमधून बंद करता येतात, पण एकेका ॲपमध्ये शिरून कराव्या लागतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बॅटरी वाचवायच्या नादात काही कंपन्यांची सिस्टीम मागे चालणारी ॲप परस्पर बंद करते. मग गोळीची आठवण वाजत नाही, ऑफिसचा मेसेज ॲप उघडल्यावरच दिसतो. असा फोन असेल तर त्या ॲपपुरतं 'ऑटोस्टार्ट' चालू करायचं आणि बॅटरीचं बंधन काढून टाकायचं. घरातल्या ज्येष्ठांचा फोन असेल तर पहिल्याच दिवशी हे करून द्या.

पायरी ३ : अपडेट किती वर्षं, आणि मोजायची कधीपासून?

माझ्या मते संपूर्ण तुलनेत सर्वांत जास्त वजन या प्रश्नाला द्यायला हवं. अपडेट म्हणजे नवे आयकॉन नव्हेत. सापडलेली भगदाडं बुजवणं म्हणजे अपडेट. ती बंद झाली की फोन दिसायला ठणठणीत असतो, पण आतून उघडा पडत जातो, आणि काही काळाने बँकेचं ॲप चालायला नकार देतं.

गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं आहे. त्याखालच्या किमतीत हा आकडा मॉडेलगणिक बदलतो. काही स्वस्त फोनना दोनच मोठी अपडेट मिळतात. ॲपल विकताना असा ठळक आकडा सांगत नाही, पण आजवरचा अनुभव बोलका आहे. २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर आयओएस १८ पर्यंत चालले आणि २०२५ मध्ये आयओएस २६ आलं तेव्हा बाहेर पडले. २०१९ चा आयफोन ११ मात्र त्या यादीत टिकला. (१८ नंतर एकदम २६ आलं, कारण ॲपलने क्रमांक वर्षाशी जोडले. मधल्या आवृत्त्या शोधू नका.)

आता खरी मेख. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दिवाळीच्या ऑफरमध्ये जो फोन अचानक स्वस्त झालेला दिसतो तो बहुतेक वेळा दोन वर्षांपूर्वीचा असतो. चार वर्षांची अपडेट असतील तर त्यातली दोन आधीच उडालेली. म्हणून किमतीला उरलेल्या वर्षांनी भागा. चोवीस हजारांचा फोन आणि उरलेली दोन वर्षं, म्हणजे वर्षाला बारा हजार. छत्तीस हजारांचा फोन आणि उरलेली सहा वर्षं, म्हणजे वर्षाला सहा हजार. हा हिशोब मांडला की महाग कोण आणि स्वस्त कोण हे पुष्कळदा उलटं निघतं.

दुकानातला डेमो फोन हातात आला की सेटिंग्जमध्ये अगदी खाली 'अबाउट फोन' उघडा, तिथे 'अँड्रॉइड व्हर्जन' किंवा 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'वर बोट ठेवा आणि सिक्युरिटी अपडेटची तारीख वाचा. वाय-फायला जोडलेला असूनही तारीख सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर कंपनी त्या मॉडेलकडे किती लक्ष देते ते कळलंच.

पायरी ४ : मराठीची परीक्षा

अँड्रॉइडवर मराठी मेनू कित्येक वर्षांपासून आहे. आयफोनवर तो अलीकडच्या आवृत्त्यांत आला. पण मेनूपेक्षा कीबोर्ड रोजचा. दुकानात दोन्ही फोनवर हे वाक्य टाइप करून बघा: 'दुसऱ्या मजल्यावरच्या ज्ञानेश्वरकाकांना कळवा, वाण्याकडून अर्धा किलो साबुदाणा आणि ऱ्हस्व-दीर्घाचं पुस्तक आणायचंय.'

यात 'दुसऱ्या'तला अर्धा र, 'ज्ञ', 'ळ', रफार आणि जोडाक्षरं सगळी आली. कुठे अडता, किती वेळा मागे यावं लागतं ते पाहा. अँड्रॉइडवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठीचे पर्याय भरपूर आहेत: थेट देवनागरी, इंग्रजी अक्षरांनी टाइप करून मराठी उमटवणारा, बोटाने लिहून ओळखणारा आणि बोलून लिहिणारा. आयफोनच्या स्वतःच्या कीबोर्डमध्येही देवनागरी आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी असे दोन्ही मार्ग आहेत. जीबोर्ड आयफोनवरही टाकता येतो, पण पासवर्डच्या चौकटीत आयफोन बाहेरचा कीबोर्ड चालू देत नाही, आपलाच पुढे करतो. त्यामुळे कीबोर्ड मध्येच बदलला की ज्येष्ठ मंडळी गोंधळतात.

बोलून वापरण्यात अँड्रॉइड आज स्पष्टपणे पुढे आहे. गूगल असिस्टंट आणि जेमिनाय हे गूगलचे बोलके मदतनीस, दोन्ही मराठी समजतात. ॲपलच्या सिरीला मात्र भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं समजतं, मराठी ही तिची स्वतंत्र भाषा नाही. ज्यांना टाइप करायला त्रास होतो, ज्यांची दृष्टी कमी झाली आहे, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा निर्णय फिरवायला पुरेसा आहे. मोठी अक्षरं आणि मोजकेच आयकॉन अशी सोय दोन्हीकडे मिळते: सॅमसंगवर 'ईझी मोड', आयफोनवर आयओएस १७ पासून 'असिस्टिव्ह ॲक्सेस'.

पायरी ५ : पैसे, एसएमएस आणि एपीके

इथे दोन सिस्टीमचा स्वभाव मुळातून वेगळा आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

अँड्रॉइडवर तुम्ही परवानगी दिलीत की ॲप तुमचे एसएमएस वाचू शकतं आणि पाठवूही शकतं. म्हणून यूपीआय सुरू करताना नंबर पडताळणीचा मेसेज आपोआप जातो, ओटीपी आपसूक भरला जातो, आणि बँकेचे मेसेज वाचून महिन्याचा खर्च मांडून देणारी ॲप चालतात. आयफोन कुठल्याही ॲपला मेसेजच्या पेटीत असं शिरू देत नाही. पडताळणीचा मेसेज लिहिलेला समोर येतो, 'सेंड' तुम्हाला दाबावं लागतं. दोन सिम असतील तर मेसेज बँकेत नोंदवलेल्या नंबरावरूनच जातोय ना हे बघावं लागतं. आयफोनवर यूपीआय सुरू होत नसेल तर आधी हेच तपासा.

मेसेज वाचायची हीच मुभा भामट्यांच्याही कामी येते. व्हॉट्सॲपवर 'वाहनाचं चलान', 'लग्नपत्रिका', 'बँक केवायसी' अशा नावाने एक फाइल येते, शेवटी एपीके. एपीके म्हणजे पत्रिका नाही, पीडीएफ नाही. ते एक पूर्ण ॲप असतं. दाबलं, 'इन्स्टॉल'ला हो म्हटलं, एसएमएसची परवानगी दिली, की तुमचे ओटीपी दुसरीकडे जायला लागतात. लग्नसराईत अशी पत्रिका ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो. आयफोनवर एपीके फाइल चालतच नाही, त्यामुळे हा एक दरवाजा तिथे बंद आहे. लिंकवरून पासवर्ड मागणं, पोलीस असल्याचं भासवून 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणं, हे दरवाजे मात्र दोन्हीकडे सारखेच उघडे आहेत. आयफोन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

अँड्रॉइड घेणार असाल तर हा दरवाजा पाच मिनिटांत बंद करता येतो:

१. सेटिंग्जमध्ये शोधाच्या चौकटीत 'अननोन ॲप्स' लिहा. जी यादी येईल त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स आणि टेलिग्राम या सगळ्यांपुढची परवानगी बंद ठेवा.
२. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून 'प्ले प्रोटेक्ट' (ॲप तपासणारी गूगलची सोय) चालू आहे ना ते पाहा.
३. सॅमसंग असेल तर 'ऑटो ब्लॉकर' चालू करा. प्ले स्टोअर आणि सॅमसंगच्या स्वतःच्या स्टोअरबाहेरून येणारं ॲप ते थांबवतं.
४. 'परमिशन मॅनेजर'मध्ये एसएमएस उघडा आणि तिथे न ओळखू येणारं नाव दिसलं तर ते ॲप काढून टाका.

तरीही पैसे गेलेच तर कुणाला काय वाटेल याचा विचार न करता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या तासात तक्रार गेली तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जायची शक्यता जास्त असते.

पायरी ६ : गर्दी आणि चोरी

विसर्जनाला अलका चौकात उभं राहिलेल्या, किंवा संध्याकाळी स्वारगेटला बसमध्ये चढलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगायला नको. फोन गेल्याचं दुःख वेगळं आणि फोनसोबत खातं उघडं पडणं वेगळं.

आयफोनवर आयओएस १७.३ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आहे. ते चालू असेल तर घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर ॲपल खात्याचा पासवर्ड केवळ पासकोडच्या जोरावर बदलता येत नाही. चेहरा किंवा बोट लागतं, आणि वर तासभर थांबावंही लागतं. चोराने खांद्यावरून पासकोड पाहिला असला तरी तुम्हाला तेवढा वेळ मिळतो. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनवर 'थेफ्ट प्रोटेक्शन' मिळतं. हातातून हिसकावून पळाल्यासारखी हालचाल जाणवली की स्क्रीन लॉक होते. दुसऱ्या कुठल्याही फोनवरून फक्त आपला नंबर टाकून लॉक करायची सोयही आहे, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. दोन्हींपैकी सरस कोण यावर वाद घालण्यापेक्षा जे घ्याल त्यात हे चालू करा.

आणि एक काम दोन्ही फोनवर करा, जे फार थोडे लोक करतात: सिमला पिन लावा. फोन कितीही घट्ट लॉक असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे येऊ लागतात. सिमला पिन असेल तर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये पिनशिवाय चालत नाही. मूळ पिन सिम कंपनीगणिक वेगळा असतो, तो कंपनीकडून विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम पुन्हा उघडायला पीयूके क्रमांक लागतो. ई-सिम (फोनच्या आतच असलेलं सिम) असेल तर ते काढताच येत नाही.

फोन गेलाच तर क्रम असा: आधी दुसऱ्या फोनवरून लॉक करा, मग सिम बंद करा, बँकेला कळवा, पोलिसांत तक्रार द्या, नवं सिम घ्या आणि तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा.

पायरी ७ : छोट्या बाबी, झटपट

साठवण: आयफोनमध्ये मेमरी कार्ड टाकता येत नाही, घेतलं तेवढंच. इंटरनेटवरच्या साठवणीत ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी फुकट, गूगलकडे १५ जीबी. पण गूगलच्या १५ मध्ये मेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप सगळंच मोजलं जातं.

कॉल रेकॉर्डिंग: आयफोनवर आयओएस १८.१ पासून आहे, पण सुरू केलं की समोरच्यालाही घोषणा ऐकू जाते. गूगलचं डायलर असलेल्या अँड्रॉइडवरही तसंच. काही कंपन्यांच्या स्वतःच्या डायलरमध्ये घोषणा होत नाही. धंद्यासाठी हे लागत असेल तर दुकानात प्रत्यक्ष कॉल लावून पाहा.

दुरुस्ती: बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या परिसरात कुठल्याही फोनचा काही ना काही सुटा भाग मिळतो. आयफोनवर मात्र बाहेरची बॅटरी किंवा स्क्रीन बसवली की सेटिंग्जमध्ये तशी नोंद दिसते आणि विकताना भाव पडतो.

चार्जर: आयफोन १५ पासून यूएसबी-सी आलं, त्यामुळे घरात एकच केबल चालते.

पायरी ८ : दोन्ही फोन हातात घेऊन

आयफोन निवांत हाताळायचा असेल तर ॲपलचं स्वतःचं दुकान पुण्यात कोरेगाव पार्कच्या कोपा मॉलमध्ये ४ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं आहे. अँड्रॉइडसाठी अनेक कंपन्यांचे फोन एकत्र मांडलेलं मोठं दुकान बरं, एकाच कंपनीचं नको. दुपारी जा, गर्दी कमी असते. पहिल्या पायरीतली यादी बाहेर काढा आणि त्यातली पाच कामं दोन्हींवर करून पाहा. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर त्यांना सोबत न्या, फोन त्यांच्या हातात द्या आणि आपण दोन पावलं मागे उभे राहा.

निवड अजूनही अडली असेल तर माझं मत सांगतो. मराठीत बोलून किंवा लिहून भरपूर काम असेल, किंवा खर्चाची मर्यादा पंचवीस हजारांच्या आत असेल, तर उरलेली अपडेट वर्षं मोजून अँड्रॉइड घ्या. एकटे राहणारे ज्येष्ठ, आलेली प्रत्येक फाइल उघडायची सवय, आणि मुलं-सुना आधीच आयफोनवर असतील तर आयफोन घ्या. कारण अडचण आल्यावर फोनवरून 'आता डावीकडचं बटण दाबा' असं सांगणारं कुणीतरी लागतं, आणि सांगणाऱ्याच्या हातात तोच फोन असेल तर काम निम्मं होतं.

जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि केवायएम, मोकळी जागा, मग तो पंधरा आकडी क्रमांक असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. केवायएम इंग्रजी अक्षरांत लिहायचं. उत्तरात ब्लॅकलिस्ट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर तो फोन घेऊ नका. आयफोन असेल तर विकणाऱ्याला समोरच त्याच्या ॲपल खात्यातून बाहेर पडायला सांगा. ते केलं नसेल तर फोन तुमचा होणारच नाही.

पायरी ९ : एका बाजूहून दुसरीकडे जाताना

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, व्हॉट्सॲपच्या गप्पांचं. अँड्रॉइडवरचा गूगल बॅकअप आयफोनवर उघडत नाही. त्यासाठी अँड्रॉइडवर 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप घ्या. दोन्ही फोन चार्जिंगला लावा आणि एकाच वाय-फायवर ठेवा. यासाठी आयफोन कोरा असावा लागतो. म्हणून दुकानातला मुलगा मदतीच्या भावनेने लगेच फोन सुरू करून देत असेल तर त्याला थांबवा, नाहीतर घरी येऊन सगळं पुसून पुन्हा सुरुवात करावी लागेल. आयफोनवरून अँड्रॉइडवर जाताना केबल लागते, नवा फोन अँड्रॉइड १२ किंवा पुढचा हवा, आणि हेही पहिल्यांदा सुरू करतानाच करायचं.

यूपीआय नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं. नव्या सिमनंतर किंवा नव्या फोननंतर काही बँका पहिले काही तास रकमेवर मर्यादा घालतात, म्हणून घरभाडं किंवा फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका. ऑथेंटिकेटर ॲपमधले (लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपमधले) कोड जुन्या फोनमधून आधी हलवा.

जुना फोन विकायची घाई करू नका. नव्यावर प्रत्येक बँकेचं ॲप एकदा उघडून, फोटो मोजून, जुन्या गप्पांमधला एखादा फोटो उघडतोय ना ते पाहून, मगच जुन्या फोनमधून खात्यातून बाहेर पडा आणि तो पुसून टाका. नव्या फोनच्या खोक्यावरच्या आयएमईआयचा आणि बिलाचा फोटो काढून तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्यातरी फोनवर पाठवून ठेवा.